दिवाळीतले आकडे

गायत्रीला ती चूक सापडली रविवारी सकाळी, आणि तीही शोधत नसताना. एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष, विषय पर्यावरण व्यवस्थापन, आणि गुरुवारी प्रोजेक्टची तोंडी परीक्षा. सुरतच्या डिंडोली भागातल्या दोन खोल्यांच्या घरात लॅपटॉप मांडीवर घेऊन ती आलेखावरून शेवटची नजर फिरवत होती. आलेख म्हणजे दृष्ट काढावी असा. कापड रंगवून झाल्यावर मिलमधून जे पाणी बाहेर पडतं, त्यात घाण किती हे सांगणारा सीओडी नावाचा आकडा असतो. कायद्यानं अडीचशेच्या आत लागणारा तो आकडा वर्षभरात दोनशे पंचेचाळीसवरून एकशे दहावर आला होता. कुठे अडखळणं नाही, कुठे रुसणं नाही. खऱ्या पाण्याला इतकी शिस्त नसते, हे एम.एस्सी.च्या मुलीला कळायला हवं होतं. पण आपल्या घरचं काही चांगलं दिसलं की शिकलेली माणसंही तपासत बसत नाहीत.

आकडे घरचेच होते. तिचे वडील सुकदेव, म्हणजे आबा, एका डाइंग मिलच्या पाणी साफ करण्याच्या प्लँटवर एकवीस वर्षं ऑपरेटर. रोज पाण्याचा नमुना मशीनमध्ये तपासायचा, आकडा रजिस्टरमध्ये लिहायचा, खाली सही करायची. मॅनेजरनं गायत्रीला रजिस्टर बघू दिलं, पाण्याला मात्र हात लावू दिला नाही. तिचे मार्गदर्शक चेतनसर म्हणाले, चालेल, रजिस्टरवरच काम कर.

तर त्या सकाळी तिची नजर तारखांवर गेली. दिवाळीच्या नऊ दिवसांचे नऊ आकडे, नऊ सह्या. दिवाळीत सुरतच्या मिला बंद असतात आणि अर्धं डिंडोली खानदेशात गावी गेलेलं असतं. आबाही गेले होते. अमळनेरजवळच्या त्यांच्या गावी ओट्यावर बसून ते नऊही दिवस शेंगा फोडत होते, आणि समोर गायत्री स्वतः बसली होती.

आबा दारात आरसा टांगून दाढी करत होते. ती त्यांच्यामागे जाऊन उभी राहिली.

"आबा, दिवाळीले आपन गावले व्हतूत ना?"

"हा."

"मंग रजिस्टरमा सही कोनी शे?"

आबांनी गालावरचा फेस टॉवेलनं पुसला. अर्धीच दाढी झाली होती.

"मशीन बंद शे, पोरी. चौदा महिना व्हई ग्यात. मॅनेजर म्हने, अडीचशेना खाले लिखत जाय."

"मंग आकडा कमी कसा व्हत गया?"

आबा थोडे लाजले. "तुना प्रोजेक्ट शे, समजनं. म्हटलं, पोरीनं काम चांगलं दिसाले पाहिजे. मंग दर महिनाले थोडा थोडा कमी करात."

रागावं तर कोणावर? तिच्यासाठी कोणी पाणी साफ केलं नव्हतं, पण तिच्यासाठी एक माणूस वर्षभर रोज विचार करून खोटं लिहीत होता. तिला रडू आलं आणि त्यांचा संतापही आला, आणि दोन्हीपैकी काहीच बाहेर पडेना.

सांगावं, तर पानापानावर सही आबांची होती. मॅनेजरची एकही नाही. मिल हात झटकून मोकळी होणार आणि खोटे आकडे लिहिणारा ऑपरेटर म्हणून आबांना दरवाजा दाखवणार. न सांगावं, तर तिची पदवी त्या आकड्यांवर उभी. शिवाय ती शिकत होती कशासाठी, तर उद्या दुसऱ्यांची रजिस्टरं तपासायला. त्यात चेतनसरांचा उत्साह ओसंडून चाललेला. एवढी सुधारणा करणाऱ्या काकांना परीक्षेला घेऊनच ये, बाहेरच्या परीक्षक बाईंना भेटवू, असं त्यांनी आठवड्यापूर्वीच सांगून ठेवलं होतं. आईनं आबांचा पांढरा शर्ट इस्त्री करून आणला होता.

चार दिवस घरात त्या विषयावर कोणी अवाक्षर काढलं नाही. गायत्रीनं मनात एक वाक्य घोटून ठेवलं: मॅडम, हे आकडे मोजलेले नाहीत. बसमध्ये म्हटलं, अंघोळीला म्हटलं. आबांचं नाव न घेता ते सांगता येईल अशी तिनं स्वतःची समजूत काढली होती. सह्या कुणाच्या, हा पुढचा प्रश्न तिनं स्वतःला विचारलाच नाही.

गुरुवारी परीक्षक बाईंनी आलेख पाहिला, चष्मा काढला आणि आबांना खुर्ची दिली. मिलमध्ये साहेबांसमोर आबा एकवीस वर्षं उभेच राहिले होते. ते खुर्चीच्या कडेला टेकले.

"काका, आ तमे केवी रीते कर्युं?" हे तुम्ही कसं केलंत, असं बाईंनी कौतुकानं गुजरातीत विचारलं.

आबांनी गायत्रीकडे पाहिलं. वाक्य तिच्या जिभेवर होतं. तिनं घोट गिळला, आणि वाक्यही त्याबरोबर आत गेलं.

मग आबा बोलू लागले. मोडक्यातोडक्या गुजरातीत, मध्येच हिंदीत. चुना एकदम टाकायचा नाही, दोन वेळा टाकायचा. पाणी रात्रभर स्थिर ठेवायचं. वरचा मळ हातानं काढायचा. बोलता बोलता ते थांबत, गायत्रीकडे पाहत आणि पुन्हा पुढे बोलत. बाई लिहून घेत होत्या. त्यांनी वर पाहून गायत्रीला विचारलं, "तू हे स्वतः पाहिलंस ना?"

आबांचे हात गुडघ्यांवर होते, नखांत निळा रंग.

"हो, मॅडम," गायत्री म्हणाली. "कितीतरी वेळा."

दोघांना बाहेर थांबायला सांगितलं. व्हरांड्यात आबा भिंतीला टेकून उभे राहिले. शर्ट पाठीला चिकटला होता.

"तू कसाले खोटं बोलनी?" त्यांनी हळूच विचारलं.

"तुमनाकरता. तुम्हीन इतलं सांगी ऱ्हायनात, मंग मी काय करू?"

"मी तं बोलत ऱ्हायनू." आबा म्हणाले. "घरून मन घट्ट करीसन उनतू. म्हटलं नोकरी जाई तं जावो, पोर खरं सांगी. माले वाटे, तू माले आते थांबाडशी. आते थांबाडशी."

म्हणजे ती थांबवेल म्हणून ते आत सारखे तिच्याकडे पाहत होते. आत जावं, दार ढकलावं आणि सगळं सांगून टाकावं, असं तिला वाटलं. तेवढ्यात दार आतूनच उघडलं आणि चेतनसर हसत बाहेर आले. बाई एकदम खूश आहेत, ते म्हणाले. काकांची ही पद्धत त्या दुसऱ्या मिलांना पाठवणार आहेत. आत्ताच्या आत्ता एका कागदावर नीट लिहून द्या, प्रमाणासकट. खाली दोघांच्या सह्या.

त्यांनी कोरा कागद आणि पेन गायत्रीच्या हातात दिलं आणि ते तिथेच उभे राहिले. गायत्री बाकावर बसली. आबा शेजारी बसले. तिनं तारीख घातली, वर मिलचं नाव लिहिलं. मग पेन थांबलं. सरांनी घड्याळ पाहिलं.

"आबा," ती मान वर न करता म्हणाली, "चुना कितला लिखू?"