बाहुलीचा परवाना

नेस्ता बाहुलीला रागावत होती. स्वयंपाकघरातल्या टेबलाखाली बसून, बोट नाचवत, चांगली खडसावत होती. बटाटे सोलता सोलता तिच्या आईने, मारेदने, सहज कान दिला आणि तिचा हात जागीच थांबला. पोर इंग्रजीत रागावत होती. घरात ना आई इंग्रजी बोलायची, ना बाप, ना आजी. वेल्समधल्या त्या अख्ख्या पेंत्रेबाख गावात कुत्र्याला हाकलायचं तरी वेल्शमध्येच हाकलत. हे पोरीच्या तोंडी आलं कुठून, ते विचारायची गरज नव्हती. ते बाहेरच्या खोलीत कोपऱ्यात, विणलेला रुमाल डोक्यावर घेऊन बसलेलं होतं.

"तिच्याशी आपल्यासारखं का नाही बोलत गं?" मारेदने जमेल तितक्या साध्या आवाजात विचारलं.

"तिला आपलं येत नाही," नेस्ता म्हणाली. "ती टीव्हीतल्यांची आहे."

मारेद कॉलेजात शिकलेली, आणि काळजी करायला तिला कारण लागत नसे. घशात अडकणारी द्राक्षं, शेगडीजवळचे कपडे, छातीत वाजणारा खोकला, सगळीकडे तिचा एक डोळा असायचा. पण ही भीती निराळीच होती. ताप चढतो तसा उतरतो. हे मात्र चढतच जाणारं होतं. आज बाहुली, उद्या मैत्रिणी, आणि परवा हिची स्वतःची लेकरं.

टीव्हीवर वेल्श कार्यक्रम नव्हते असं नाही. पण ते लागायचे कधी, तर पोरं झोपल्यावर, नाहीतर भरदुपारी, जेव्हा बघायला घरात मांजर सोडून कुणी नसे. वेल्शसाठी वेगळी वाहिनी देऊ, असं वचन निवडणुकीआधी मिळालं होतं. निवडणूक सरली आणि लंडनच्या सरकारने ते वचन आवंढ्यासारखं गिळून टाकलं. तेव्हापासून गावोगावची माणसं, घरात टीव्ही ठेवायला दरवर्षी जो सरकारी परवाना लागतो, त्याचे पैसे भरायचं नाकारत होती. मारेद आजवर त्यांचं कौतुक लांबूनच करत आली होती. बाहुलीवरच्या त्या बोलण्यानंतर तिचा परवाना संपला आणि तिने नवा काढलाच नाही.

परवान्यांचा तपासनीस आला तो बिचारा भला माणूस होता. "घरात टीव्ही नाही" एवढं म्हणालात तर मी आल्या पावली परत जातो, असं त्याने जवळजवळ सुचवलंच. मारेदने त्याला आत बोलावलं, मनुकांचा पाव कापून दिला, चहा दिला आणि रुमाल काढून टीव्ही दाखवला. टीव्ही आहे, छान चालतो, आणि तेच तर दुखणं आहे, असं तिने सांगितलं. त्याने ते मुकाट्याने लिहून घेतलं आणि पावाचा आणखी एक तुकडा घेतला.

समन्स आलं त्या दिवशी नाईनने जेवण टाकलं. नाईन म्हणजे नेस्ताची आजी, मारेदची सासू, गावच्या चॅपलमध्ये प्रार्थनेला पहिल्या बाकावर बसणारी बाई. आमच्या घराण्यात कोर्टाची पायरी कुणी चढलं नाही, असं ती ठणकावून म्हणाली.

"आई, तुझ्या काकांनी मेंढी चोरली होती," मारेदचा नवरा ग्विलिम बुटांवरची पाटीच्या दगडाच्या खाणीतली धूळ झटकत म्हणाला.

"ते सापडले नव्हते," नाईन म्हणाली.

मग ती मारेदकडे वळली. दंड झाला की भरून टाक आणि मोकळी हो, म्हणाली. दंड नाकारला की तुरुंग, हे सगळ्यांना ठाऊक होतं. शेजारच्या खोऱ्यातली एक मास्तरीण जाऊनही आली होती. "तुरुंगातून पोरीची वेणी घालता येत नाही, मारेद. एवढं कॉलेजात शिकवलं नसेल तर माझ्याकडून शीक."

 मारेदने ग्विलिमला वेणी घालायला शिकवलं. खोकल्याचं औषध कुठल्या फळीवर आहे, पाव कसा पट्ट्यापट्ट्यांनी कापला तरच नेस्ता अंडं खाते, हेही सांगून ठेवलं. ग्विलिमची वेणी सुटून सुटून यायची. ती पाहिली की मारेदला वाटायचं, उद्याच्या उद्या पोस्टात जावं आणि पैसे टाकून द्यावेत. पण टेबलाखालून इंग्रजी ऐकू आली की ते वाटणं विरून जायचं.

कोर्टाच्या दिवशी सकाळी तिने नाईनला कपाटापाशी पाहिलं. आपल्या अंत्यविधीसाठी साठवलेले पैसे म्हातारी गुपचूप काळ्या पिशवीत घालत होती.  दुसऱ्या कुणी दंड भरला की नकाराला काही अर्थ उरत नाही. खटला मिटतो आणि उद्या वर्तमानपत्रात एक ओळसुद्धा येत नाही.  गाडीत मारेदची नजर रस्त्याऐवजी त्या पिशवीच्या खटक्यावरच होती.

न्यायासनावर गावातलेच तिघे मानद न्यायाधीश होते. मधले होते एमरिस पॅरी, बाजारातले औषधवाले, चॅपलमधल्या रविवारच्या शाळेचे प्रमुख. नेस्ताचं खोकल्याचं औषध त्यांच्याच हातचं, आणि ते देताना तासभर वेल्शमध्ये चौकशी करणारेही तेच. कोर्टात मात्र त्यांनी मारेदला तिचं नाव इंग्रजीत विचारलं. तिने वेल्शमध्ये सांगितलं. चुळबुळ झाली, कारकून कुजबुजला आणि एका तरुण दुभाष्याला पुढे आणलं. त्याच्या टायची गाठ त्याच्या गळ्याला काचत होती.

तुम्हाला काय म्हणायचं आहे, असं विचारल्यावर मारेदने कठड्याला घट्ट धरलं. आवाज कापला तरी चालेल, शब्द कापता कामा नयेत, असं तिने मनाशी ठरवलं होतं.

"माझी मुलगी समजते, की जेवायची भाषा वेगळी आणि खेळायची वेगळी," ती वेल्शमध्ये म्हणाली. "मी पैसे वाचवायला इथे उभी नाही. मी तिची बाहुली परत मागायला आले आहे."

दुभाष्याने घसा साफ केला आणि इंग्रजीत सांगितलं, की बाईंच्या मुलीला इंग्रजीत खेळायला आवडतं आणि तिची बाहुली हरवली आहे.

"हरवली कुठे म्हणाली ती?" पॅरी अस्सल वेल्शमध्ये कडाडले, बायबलातलं वचन चुकवणाऱ्या पोराला रविवारच्या शाळेत झापावं तसे. "परत मागायला आलीय म्हणाली. आणि 'आवडतं' कुठून काढलंस? 'समजते' म्हणाली ती, 'समजते'!"

कारकुनाची लेखणी थांबली. 

"म्हणजे तुम्हाला कळलं," मारेद म्हणाली.

"न कळायला काय झालं?" पॅरी बोलून गेले.

"मग हे मध्ये कशाला?"

मागच्या बाकांवरचे ग्विलिमबरोबरचे खाणकामगार आधी नाकातून हसले, मग तोंडाने. दुभाष्याने खाली बघून टाय सैल केला. पॅरींचे कान लाल झाले. कारकून कानाशी लागल्यावर ते पुन्हा इंग्रजीवर आले. गुन्हा तर उघड होता. दंड केला तर भराल का, त्यांनी विचारलं. मारेद नाही म्हणाली. न भरल्यास तुरुंग, आणि तुमची मुलगी तर तिथे आजीजवळ बसली आहे, असं त्यांनी सांगितलं. मारेदने तिकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर सगळं तिथेच संपलं असतं.

"नाही भरणार," ती म्हणाली.

पॅरींनी मग गर्दीत नजर फिरवली. ती नाईनवर येऊन थांबली. सुनेच्या वतीने तुम्ही दंड भरायला तयार आहात का, असं त्यांनी इंग्रजीतच विचारलं. पिशवीचा खटका वाजला. मारेदने डोळे मिटले.

नाईन उठून उभी राहिली. पिशवीतून तिने पैसे नाही, रुमाल काढला आणि नेस्ताचं नाक पुसलं.

"मला इंग्रजी येत नाही, मिस्टर पॅरी," ती वेल्शमध्ये म्हणाली.

आता मात्र खिडक्यांच्या काचा हादरतील असा हशा झाला. लग्नाआधी नाईन, म्हणजे जिनी, इंग्लंडात लिव्हरपूलला बड्या घरी स्वयंपाकाला होती, आणि तिथल्या खाटकांना ती इंग्रजीतून कशी भाजून काढायची, याच्या गोष्टी पॅरींनीच तिच्याकडून ऐकल्या होत्या. त्यांनी चष्मा काढला, बराच वेळ पुसला आणि पुन्हा घातलाच नाही.

"जिनी," ते वेल्शमध्ये म्हणाले, "भरणार आहेस का दंड?"

"नाही, एमरिस. पण एवढं साधं आपल्या भाषेत विचारायला तुला आयुष्य लागलं."

तिघे न्यायाधीश आतल्या खोलीत गेले ते बराच वेळ आले नाहीत. मधूनच तिथून वेल्शमधली वादावादी ऐकू येई. बाहेर आल्यावर पॅरी बसलेसुद्धा नाहीत. गुन्हा शाबीत झाला आहे, शिक्षा काही नाही, दंडही नाही, असं त्यांनी वेल्शमध्ये, प्रार्थनेच्या आवाजात सांगितलं. मग ते दुभाष्याकडे वळले.

"आता हे कारकूनसाहेबांना इंग्रजीत समजावून सांग. त्यांना आपलं येत नाही."

मारेदला पुढचं नीट आठवत नाही. कुणीतरी सूर लावला, खाणकामगारांनी त्याला चार बाजूंनी आधार दिला आणि कोर्टाच्या पायऱ्यांवर चॅपलसारखं गाणं घुमलं.  नेस्ताने येऊन तिच्या एका पायाला मिठी मारली.

असे खटले गावोगाव चालूच राहिले. पुढे एका वयस्कर वेल्श पुढाऱ्याने वाहिनीसाठी प्राणांतिक उपोषणाची घोषणा केली, आणि पानं गळायच्या आत लंडनने हात टेकले. वाहिनी मिळणार, असं रेडिओवर जाहीर झालं. ग्विलिमने नाईनला उचलून गरकन फिरवलं आणि नाईनने त्याला त्यासाठी एक चापट दिली.

दुसऱ्या दिवशी पेंत्रेबाखच्या पोस्टात दारापर्यंत रांग लागली. सगळे बंडखोर टीव्हीचा परवाना काढायला आले होते. पोस्टमास्तर शिक्के मारून घामाघूम झाला. "काल दारं लावून बसायचे, आज ढकलाढकली करतायत," तो करवादत होता, आणि त्याला स्वतःलाच हसू आवरत नव्हतं. मारेदचा नंबर आला तेव्हा मागून नाईनचा हात पुढे आला. काळी पिशवी उघडी होती.

"हे मी भरते," नाईन म्हणाली. "आता भरण्यात लाज नाही. माझं मरण जरा लांबवीन म्हणते. ती वाहिनी बघायची आहे."

घरी परतताना नेस्ताने परवान्याचा कागद मागून घेतला. कोपऱ्यावरच्या दगडी भिंतीवर बाहुलीला बसवलं, कागद तिच्या नाकासमोर धरला आणि तिच्याशी बोलू लागली. मारेद श्वास रोखून ऐकत राहिली. पोर वेल्शमध्ये बोलत होती. परगावच्या पाहुण्याशी बोलावं तसं एकेक शब्द सुटा करून, सावकाश, आणि मोठ्याने.