कुलपाचा फोटो

शिलाई कारखान्याच्या मागच्या दाराला कायम कुलूप असे. माल चोरीला जातो, म्हणे. गेल्या आठवड्यात इस्त्रीच्या टेबलाला आग लागली आणि तिथे काम करणाऱ्या दोघी जावांपैकी धाकटी त्याच दारावर हात आपटत राहिली. आग विझली म्हणून वाचली बिचारी. कुलूप होतं तिथेच राहिलं.

"उद्या जेवणानंतर कुणी मशीन सुरू करायची नाही. दार उघडेपर्यंत," थोरली म्हणाली. सगळ्याजणी हो म्हणाल्या. घरी गेल्यावर प्रत्येकीने फोनवर स्वतःच्या चेहऱ्याच्या जागी कुलपाचा फोटो लावला. खाली लाल अक्षरांत 'आता गप्प बसणार नाही.' सुपरवायझरनेही तोच लावला. किल्ली त्याच्याच कमरेला.

दुसऱ्या दिवशी जेवणं उरकली. थोरली हाताची घडी घालून बसली, आणि आजूबाजूला मशिनी घरघरू लागल्या.

"अगं, ठरलं होतं ना?" तिने शेजारच्या काजंवालीला विचारलं.

"झालं की. सगळ्यांनी फोटो लावले. साहेबांनीसुद्धा. उघडतील आता."

"कधी?"

"ते मी कसं सांगू बाई? तू कशाला उगाच डोळ्यावर येतेस?"

धाकटी इस्त्रीवर वाकली होती. हाताला पट्टी, पाठीशी तेच दार. "जाऊ द्या जाऊबाई," ती म्हणाली, "किती जणींनी साथ दिली."

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "साथ? कुठाय? दाखव मला." ती उठली आणि तिने भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढला.

मशिनी मेल्या. फोन तेवढे वर झाले.

सुपरवायझर धावत आला. "मावशी, अहो, मी तुमच्याच बाजूचा. माझा फोटो नाही बघितलात?"

"बघितला. किल्ली काढा."

"वर विचारावं लागेल." त्याने स्विचकडे हात नेला. थोरलीने त्यावर पंजा दाबून धरला.

काजंवाली व्हिडिओ काढत होती. थोरली तिला म्हणाली, "एका हातात फोन आहे. दुसरा रिकामाच ना? तो इथे ठेव."

काजंवालीने इकडेतिकडे पाहिलं. जागची हलली नाही.

धाकटीने इस्त्री उभी केली. चालत आली आणि पट्टीचा हात जावेच्या हातावर ठेवला.

सुपरवायझरचा हात किल्लीकडे गेला. मग त्याने खोलीभर नजर फिरवली. उभ्या दोघीच. हात परत आला.

"मोजा," थोरली म्हणाली. "सावकाश मोजा. आम्ही कुठे जात नाही."