स्क्रूवरची पांढरी रेघ

मी एक जुना टॉर्च आहे. मित्रांनो, तुमच्या घरी फळीवर पडलेला असतो तसला नव्हे. मी पोलिसांच्या बंदुकीच्या नळीखाली बसायचो. मान मोठा होता, पण मार त्याहून मोठा. गोळी सुटली की बंदूक मागे लाथ मारते, आणि ती लाथ मलाही बसायची. माझे दोन थोरले भाऊ त्या धक्क्यांनी महिन्याभरातच आंधळे झाले.

मी तगलो तो शस्त्रागारातल्या मिस्त्रीमुळे. त्याने स्कूटरच्या जुन्या ट्यूबमधून रबराची चकती कापली आणि माझ्या बल्बमागे बसवली. दाराच्या चौकटीवर आपटून काच फुटू नये म्हणून तोंडाला पितळी कडं घातलं. मग मला बंदुकीला धरून ठेवणारा पट्टा चढवला, त्याचा स्क्रू आवळला आणि स्क्रूच्या डोक्यावरून पट्ट्यापर्यंत बारीक ब्रशने पांढरी रेघ ओढली. धक्क्यांनी स्क्रू जरा जरी फिरला, तरी ती रेघ तुटलेली दिसायची. मग मिस्त्री स्क्रू पुन्हा आवळून नवी रेघ ओढायचा. साहेब म्हणायचे, "मिस्त्रीची रेघ म्हणजे काळ्या दगडावरची रेघ."

पुढे मिस्त्रीची मुलगी त्याच पथकात लागली आणि मी तिच्या बंदुकीवर आलो. कामावरून परतली की ती म्हणायची, "बाबा, रेघ बघा हं." तो म्हणायचा, "तू तुझा नेम बघ. रेघ माझ्यावर सोड." माझ्यासारखा नशीबवान मीच, असं मला वाटायचं.

मग मिस्त्रीची नजर अधू होऊ लागली. हातही थरथरायला लागले. निवृत्तीला सात महिने उरले होते. कुणाला कळलं असतं तर त्याला त्याच दिवशी घरी बसवलं असतं, आणि त्या कामातच त्याचा सगळा जीव होता. मुलीच्या लक्षात आलं, पण सांगणार कुणाला? आपलेच दात आणि आपलेच ओठ. बाप जेवायला गेला की ती गुपचूप येऊन स्क्रू पुन्हा आवळायची.

एका दुपारी अचानक बोलावणं आलं. मिस्त्रीने नुकतीच माझ्यावर नवी रेघ ओढली होती. पण स्क्रूची खाच त्याला सापडलीच नव्हती. स्क्रू ढिला आणि वरची रेघ अगदी शाबूत. मुलीला आवळायला वेळ नव्हता. आजचा दिवस निभावेल, असं तिला वाटलं असेल. तिने रेघेकडे एक नजर टाकली आणि ती निघाली.

कापडाच्या एका बंद गोदामाचं तळघर होतं. वीज तोडलेली होती. मी पायऱ्या उजळल्या आणि गठ्ठ्यांमागे दडलेला माणूस दाखवला. त्याने बंदूक उचलली, तशी तिने गोळी झाडली. नेम चुकला, आणि त्या एकाच धक्क्याने मी निसटून फरशीवर आपटलो. मी विझलो असतो तर बरं झालं असतं. पण मिस्त्रीने मला इतकं जपलं होतं की माझी काच फुटली नाही, बल्ब गेला नाही. मी गडगडत वळलो आणि माझा सगळा उजेड तिच्यावर पडला. त्या माणसाला ती लख्ख दिसली. त्याच्या गोळीने तिच्या उजव्या कोपराचा चुरा केला.

चौकशीत तिने सांगितलं, "घाईत स्क्रू मीच ढिला सोडला. वडिलांचा काही संबंध नाही." मिस्त्री दारातच उभा होता. तो गप्प राहिला. मला त्याचा राग आला, मित्रांनो. अजूनही थोडा आहे.

मला भंगारात काढलं तेव्हा त्याने मला पट्ट्यासकट मागून घेतलं. आता मी त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत असतो. रोज सकाळी चहा झाला की तो मला मांडीवर घेतो, अंगठ्याने खाच चाचपतो आणि आवळलेलाच स्क्रू पुन्हा आवळतो. मग मुलगी डाव्या हाताने रेघ ओढते. ती वाकडी येते.

परवा मात्र तो मध्येच थांबला. "त्या दिवशी मी स्क्रू आवळलाच नव्हता गं. मला दिसतच नव्हतं."

"मला ठाऊक होतं, बाबा," ती म्हणाली. "पण मी बोलले नाही."

मित्रांनो, नुसत्या रेघेवर विसंबू नका. स्क्रूला हात लावून बघा. आणि घरात कुणाचा हात थरथरताना दिसला, तर गुपचूप मागून आवळत बसू नका. त्याच्याजवळ बसा आणि बोला.

माझा बल्ब अजून चांगला आहे. पण माझ्यात कुणी सेल घालत नाही, आणि मी मागतही नाही.