वाटी सांगते : चमचा तिरपा करून पाहा

घाटंजीच्या बाजारात सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी माझा जन्म झाला. तुम्ही म्हणाल, स्टीलची वाटी तर कारखान्यात होते. खरं आहे. पण तिथे आम्ही शेकड्यानं होतो, कोणाचीच कोणी नव्हतो. त्या दिवशी संघदीपमामानं मला ढिगातून उचललं आणि दुकानदारानं टकटक करत माझ्या पोटावर नाव घातलं : आयु. धम्मरत्न. तेव्हा मी कोणाची तरी झाले.

धम्मरत्न हा मामाचा भाचा, सहा महिन्यांचा. त्याची आई पायल. पहिलंच लेकरू, त्यामुळे फार भिणारी. तो झोपला की श्वास चालू आहे का पाहायला नाकाशी बोट धरायची. सहा महिने तिनं त्याला फक्त अंगावर पाजलं, पाण्याचा थेंबसुद्धा दिला नाही. अंगणवाडीच्या कार्डावर त्याच्या वजनाची रेघ हिरव्या पट्ट्यात होती. आता वरचं खाणं सुरू करायचं होतं आणि त्यासाठीच मी आले होते.

पण माझ्यात पडलं काय? तुरीच्या वरणाचं वरवरचं पाणी. इतकं पातळ, की माझा तळ दिसायचा. खालचं घट्ट वरण मोठ्यांच्या ताटात जायचं. आजी कौसल्याबाईंचं म्हणणं, सारी ताकद वरच्या पाण्यात उतरते. शिवाय त्याला दात नाहीत, घट्ट दिलं तर नरड्यात अडकेल. अडकेल हा शब्द ऐकला की पायल पुन्हा वरचंच पाणी माझ्यात घ्यायची.

दोन महिने मी दिवसातून तीनदा भरले आणि तीनदा रिकामी झाले. घरच्यांना वाटायचं, लेकरू छान खातं. मी मात्र आतून ओशाळायची. तो झोपेतून सारखा उठायचा, दिवसभर किरकिर करायचा. पायल त्याला फोनवर गाणी लावून द्यायची, की तेवढाच गप्प राहील.

आठव्या महिन्यात काट्यानं सहा किलो आठशे दाखवलं. आधी सात किलो शंभर होतं. रेघ पिवळ्या पट्ट्यात उतरली. पायल कार्ड ओढणीत गुंडाळून घरी आली. माझंच दूध पातळ असंल, म्हणाली. अंगावरचं बंद करून डब्याची पावडर आणि बाटली आणायचं तिनं नवऱ्याजवळ, राजदीपजवळ बोलूनही टाकलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी अंगणवाडीच्या बेबीताई घरी आल्या. त्यांनी माझ्यातला चमचा भरून घेतला आणि तिरपा केला. सगळं पाणी धार धरून खाली आलं.

"मावशी, हे वरचं पाणी मले द्या, अन् घट्ट वरण त्याले द्या," त्या आजीला म्हणाल्या.

"त्याले दात नाही बेबी. गिळन कसा?"

"मंग असं करा. उद्या दिवसभर तुम्ही या पाण्यावर राहा अन् कापूस वेचाले जा. संध्याकाळी मले सांगा किती किलो झाला."

आजी स्वतःच उठल्या, पातेल्याच्या तळचं वरण काढलं, त्यात मऊ भात कुस्करला, वर चमचाभर तेल घातलं. बेबीताईंनी पुन्हा चमचा तिरपा केला. या वेळी घास चमच्याला धरून राहिला.

धम्मरत्नला मांडीवर ताठ बसवलं, फोन दूर ठेवला. पहिला घास त्यानं जिभेनं बाहेर ढकलला. पायल उठायलाच लागली. बेबीताईंनी तिला बसवलं. नको म्हणून नाही थुंकत, नवीन आहे म्हणून थुंकतो, म्हणाल्या. जबरदस्ती करायची नाही, तोंड उघडेल तेव्हा द्यायचं, नखाएवढा घास, आणि समोरून हलायचं नाही. अंगावरचं दूधही सुरूच ठेवायचं. चौथा घास त्यानं गिळला. पाचव्याला त्यानं मलाच दोन्ही हातांनी ओढलं.

नवव्या महिन्यात सात किलो दोनशे. दहाव्यात सात किलो सातशे. बेबीताईंनी कार्डावर ठिपका दिला, तो चांगला हिरव्यात. पायलनं ते कार्ड रस्त्यानं उघडं धरून आणलं, चार जणींनी विचारावं म्हणून. विचारलंच. पावडरचा डबा आमच्या घरी आलाच नाही. धम्मरत्न आता पोटभर खातो आणि गाढ झोपतो. तिचं बोट अजून नाकाशी जातं, पण एकदाच.

मला आता तीन पोचे आहेत. धम्मरत्न जेवण झालं की मला फेकतो. घासून घासून नावातला 'आयु.' पुसत आला आहे. पण मी रोज चाटूनपुसून रिकामी होते. वाटीला याहून मोठा मान नाही. आणि कौसल्याआजी? गल्लीत कुणाच्या लेकराची वाटी दिसली की थांबतात, चमचा मागून घेतात. "तिरपा करून पाय," म्हणतात, "पाणी पाजून राह्यली का जेवण?"

तुमच्या ओळखीत कोणाचं लेकरू सहा महिन्यांचं झालं असेल, तर त्याच्या आईपर्यंत एवढं पोचवा : लेकराची वाटी वेगळी ठेवा, म्हणजे त्यानं किती खाल्लं ते कळतं, आणि भरवण्याआधी चमचा तिरपा करून पाहा.