दुपारची सुई

"डॉक्टर, तुमच्या हातनं आजपातूर किती माणसं मेली?"

हा प्रश्न विचारायची पैज लावली होती ज्ञानदानं. मागच्या बाकावरच्या बाकी पोरी तर ओढणीत तोंड घालून बसल्या होत्या. संयोगिता मात्र उठली, वेणी मागं टाकली आणि खणखणीत आवाजात विचारून मोकळी झाली. दहावीत आल्यापासून तिच्या अंगात काय वारं शिरलं होतं देव जाणे. आठवीतली घुमी संयोगिता कुठल्या कुठं गेली. आता पलूसच्या अख्ख्या शाळेत तिला कुणाचं म्हणून भ्या वाटत नव्हतं.

सांगलीच्या मेडिकल कॉलेजची पोरं शाळेत तपासणीला आली होती. प्रश्न ज्याच्यावर जाऊन आदळला तो पुष्कर, शिकाऊ डॉक्टर, पांढऱ्या कोटाची बाही ओढत राहिला. कान लालभडक.

"अजून एकही नाही," तो म्हणाला. "म्हणजे, मला अजून कुणी हातच लावू देत नाही."

वर्ग खदखदून हसला. तेवढ्यात कोपऱ्यातल्या कपाटाआडून एक बाई पुढं आल्या, आणि संयोगिताचं हसू तोंडातच वाळलं. शरयू मॅडम. सांगलीच्या दवाखान्यात दर महिन्याला तिची साखर बघणाऱ्या.

संयोगिताला आठवीपासून मधुमेह होता. म्हाताऱ्याकोताऱ्यांचा नव्हे, लहान पोरांना होतो तो. जेवायच्या आधी दर खेपेला इन्सुलिनची सुई टोचून घ्यायची, मग घास. घराबाहेर हे कुणाला म्हणजे कुणाला ठाऊक नव्हतं. साताऱ्याच्या आत्तीनं तेव्हाच बजावलं होतं, "पोरीची जात हाय. उद्या लगीन जमवायचंय. भिंतीला बी कळू द्यायचं न्हाई."

"प्रश्न चांगलाय," मॅडम म्हणाल्या. "मी ह्या पोरांना हेच शिकवते. दवाखान्यात काही चुकलं की कुणाचं चुकलं हे ओरडून विचारायचं आणि गप्प बसायचं, अशी आपल्याकडं पद्धत. त्यानं सुधारत काहीच नाही. का चुकलं, हे शोधत बसावं लागतं." मग सरळ तिच्याकडं बघून त्यांनी विचारलं, "नाव काय तुझं?"

"संयोगिता."

मॅडमना नाव चांगलं ठाऊक होतं. मुद्दाम विचारलं, गुपित राखायला. खरं तर जिवात जीव यायला हवा होता. पण खाली बसताना तिला वाटलं, ह्या भरल्या वर्गात आपल्याला ओळखणारं एकच माणूस होतं, आणि त्यानंही आत्ता नाव विचारलं.

डब्याची सुट्टी झाली तशी ती दप्तरातली छोटी पिशवी घेऊन उठली.

"निघाली महाराणी," ज्ञानदा म्हणाली. "रोज डबा उघडला की बाथरूमला पळती. पोटात नळ बसवलाय का गं?"

"व्हय, नगरपालिकेचा. दुपारचंच पाणी येतंय," संयोगितानं ठोकून दिलं आणि सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसली.

बाथरूमच्या दाराला कडी नव्हती. एक पाय दाराला लावायचा, कुडता दातात धरायचा, इन्सुलिनचं पेन पोटाला लावायचं, आणि हे सगळं नाक बंद करून. बाहेर कुणी असलं तर तेही नाही. आज तर पोरींची रांगच होती. ती तशीच परत आली, सुई न घेता जेवली, सगळ्यांच्या डब्यातलं चाखलं, दोन विनोद केले. दुपारभर घसा कोरडा पडत गेला आणि बाईंचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येत राहिला. शेजारी ज्ञानदा होती, कोपराला कोपर लागेल इतकी जवळ. तिला काय सांगणार?

शनिवारी पप्पांच्या मोटरसायकलवरून ती सांगलीला गेली. पप्पा, म्हणजे लालासाहेब, लष्करातून निवृत्त होऊन आता ऊस बघत होते. मॅडमनी रिपोर्ट दोनदा वाचला.

"असंच चाललं तर डोळ्यांवर जाईल गं पुढं. दुपारची सुई चुकते ना?"

"विसरते."

हे उत्तर तिला पाठ होतं. त्याच्यावर कुणी पुढचं विचारत नाही. "विसरत जाऊ नको" म्हणतात आणि पुढच्या पेशंटला हाक मारतात. मॅडमनी हाक मारली नाही.

"आत माझ्या पोरांचा तास आहे. बसतेस? नुसतं ऐकलंस तरी चालेल."

पप्पा म्हणाले, "बस की. मी हाय भाईर."

आत आठ-दहा शिकाऊ डॉक्टर होते. पुष्करनं तिला ओळखलं आणि त्याचे कान पुन्हा रंगले. मॅडमनी त्यांना काम दिलं होतं: मधुमेहाची पोरं दुपारची सुई का चुकवतात ते शोधा. आणि त्याआधी आठवडाभर स्वतः मिठाच्या पाण्याचं पेन खिशात ठेवा, मेसमध्ये जेवायच्या आधी पोटाला टोचून घ्या.

"बोला. कुणाची चुकली?"

चार हात वर झाले.

"विसरलो, मॅडम."

"मी पण. विसरले."

"मी दोनदा विसरलो," पुष्कर म्हणाला.

संयोगितानं मान वर केली. हा तिचा शब्द होता. तो ह्यांच्याकडं कसा आला?

"ताट पुढं आलं तेव्हाही आठवलं नाही?" मॅडमनी विचारलं. आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त अवघड झालं. पुष्कर बराच वेळ पेनाचं टोपण काढत-घालत बसला.

"आठवलं होतं," तो शेवटी म्हणाला. "समोर सगळे बसलेले. शर्ट वर करायचा म्हटलं की कसंतरी झालं. म्हणून बाथरूममध्ये गेलो. तिथं इतका वास होता, परत आलो. मग म्हटलं, सांगू विसरलो म्हणून."

एक-दोघं हसले. मग तेही हसेनात, कारण त्यांचंही तसंच झालेलं. आठवड्यात, तेही नुसत्या मिठाच्या पाण्यासाठी.

"आमच्या बाथरूमला कडी न्हाई," संयोगिता म्हणाली.

सगळे वळले. पैजेशिवाय ती पहिल्यांदाच असं काही बोलली होती, आणि आवाज खणखणीत तर सोडाच, नीट फुटतही नव्हता. "मी एकदाबी विसरले न्हाई. रोज आठवतंय. सकाळपासनं."

एकानं वहीत लिहायला घेतलं. दुसरीनं मोबाइलवर अलार्म लावायचं सुचवलं. तिसऱ्यानं मुख्याध्यापकांना पत्र द्यायचं.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "आठवणच असताना अलार्म कशाला? आणि तिच्यासाठी तुम्ही ठरवू नका. बदल छोटा करायचा, एका दिवसापुरता, करून बघायचा. कुठला, ते ज्याला सुई टोचायची त्यानं ठरवायचं."

परतीच्या वाटेवर पप्पांनी विचारलं, "काय शिकिवलं?" वाऱ्यात ऐकू आलं नाही असं तिनं दाखवलं. दोन्ही बाजूंना तोडीला आलेला ऊस उभा होता, आणि सबंध रस्ताभर ती मनातल्या मनात एकच वाक्य जुळवत होती. ते कुणाला म्हणून दाखवायची सोय नव्हती. मैत्रिणींना म्हणावं तर गुपित फुटणार, घरी म्हणावं तर आत्तीचा फोन.

रात्री ताटं वाढली. आईनं नेहमीप्रमाणं आधी दार लोटलं, मग पेन पुढं केलं. घरातसुद्धा दार लोटून. हे संयोगिताला आज पहिल्यांदा दिसलं.

"आई, दार उघडं राहू दे."

"आगं, शेजारची हरणाबाई यायची येळ हाय. बघितलं तर? आत्तीनं काय सांगितलंय?"

"आत्ती साताऱ्यात हाय. वर्गात मी असती."

"आवं, बघा की हिच्याकडं," आई पप्पांना म्हणाली. पप्पा भाकरी तोडायचे थांबले.

संयोगितानं बाही वर केली, दंडाला सुई लावली, दहापर्यंत मोजलं आणि काढली.

"सोमवारी डब्याच्या सुट्टीत मी बाथरूमला जाणार न्हाई. बाकावर बसून, सगळ्यांच्या म्होरं सुई घेणार हाय. एक दिवस करून बघती. पोरी उठून गेल्या तर जाऊ देत, मी एकटी जेवीन, पण सुई घेऊन जेवीन. आणि पप्पा, आई, मी हे इचारत न्हाई, सांगतीय."