एकदाच वाचायचं

"पण होस्ट आकडा बदलेलच कशाला?" पुण्याहून टीमप्रमुख दीपकने व्हिडिओ कॉलवर विचारलं. नव्या सॉफ्टवेअरचं रिलीज आजच जायचं होतं.

जळगाव जामोदच्या घरात धम्मशीला स्क्रीनसमोर गप्प बसली. पुण्याच्या ऑफिसात एकदा तिच्या तोंडून 'मला'ऐवजी वऱ्हाडी 'मले' निघालं आणि सगळे हसले. तेव्हापासून मीटिंगमध्ये ती कामापुरतंच बोले. आईला, सिंधूताईंना, अर्धांगवायू झाला आणि ती घरूनच काम करू लागली. मग तर गप्प राहणं सोपंच झालं.

दवाखान्यांतली रुग्णांची माहिती भाड्याच्या सर्व्हरवर, एका आभासी मशीनमध्ये राहणार होती. सर्व्हरचा मूळ कारभारी म्हणजे होस्ट. तो आणि हे मशीन सामायिक मेमरीतून देवाणघेवाण करत. मशीनचा ड्रायव्हर, म्हणजे ही देवाणघेवाण सांभाळणारा प्रोग्राम, तिथून संदेशाची लांबी वाचून तपासायचा आणि वापरताना तिथूनच पुन्हा वाचायचा. मधल्या क्षणात होस्टने लांबीचा आकडा वाढवला तर?

"होस्ट भाड्याचा हाय, सर," ती एकदम बोलली. "त्याच्यात कोणी घुसलं तं? आपण भरोसा काऊन ठेवायचा?"

कुणीतरी खुदकन हसलं. या वेळी ती थांबली नाही. "दाखवतेच मी."

तिने मुद्दाम एक लबाड होस्ट लिहून ठेवला होता. स्क्रीन शेअर करून तिने तो चालवला. तपासणी होताच त्याने आकडा फुगवला आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मशीन कोसळलं.

"पुन्हा चालव," दीपक म्हणाला.

पुन्हा कोसळलं. आता कुणी हसत नव्हतं.

"उपाय?"

"एकदाच वाचायचं. आकडा आपल्या मेमरीत उतरवायचा. तोच तपासायचा, तोच वापरायचा. मंग तिकडं त्याले काय करायचं ते करू द्या."

"वेग कमी होईल."

"थोडासा होईन, सर."

दीपकने वेळापत्रकातलं आजचं रिलीज खोडलं. "रिलीज थांबवू. ग्राहकांना मी सांगतो. बाकीचे ड्रायव्हरही तूच तपास, आणि सोमवारी सगळ्यांना समजावून सांग."

"सर, माझं बोलणं..."

"सगळ्यांना कळलं की."

कॉल संपला. तिने दुरुस्त केलेला ड्रायव्हर लबाड होस्टसमोर सोडला.

"कोणाशी भांडून राह्यली वं?" पलंगावरून सिंधूताईंनी विचारलं.

धम्मशीलाने लॅपटॉप उचलून त्यांच्यापुढे धरला. होस्ट आकडे बदलत होता; ड्रायव्हर तिकडे ढुंकूनही पाहत नव्हता.

सिंधूताईंनी डोळे बारीक केले. "याच्यात तं काईच होऊन नाई राह्यलं."

"हाव माय," ती हसली, "काईच नाई."