अर्धी गोळी

वडील गेल्यानंतर दोन महिन्यांनी मैत्रेयीनं आईची, गयाबाईंची, मेडिक्लेम काढायला घेतली. वडिलांचा क्लेम कंपनीनं फेटाळला होता. पॉलिसी घेताना बीपी लपवलं, असं कारण दिलं होतं. या वेळी तसं होऊ द्यायचं नव्हतं. विम्याचा एजंट मुकेश नात्यातलाच. तो उल्हासनगरहून अंबरनाथला घरी आला.

"को-पे म्हणजे काय रे?" मैत्रेयीनं विचारलं.

"बिलातले थोडे टक्के आपण भरायचे, बाकीचे कंपनी. वयामुळे लावतात, ताई."

"आणि वेटिंग पिरियड?"

"आधीपासूनचा आजार असला तर पहिली तीन वर्षं त्याचं काही मिळत नाही. दुसरं काही झालं तर मिळतं. पण काकींना झालंय काय? घोड्यासारख्या चालतात."

"घोडा तुझा बाप," गयाबाई चहा गाळत म्हणाल्या.

मुकेश हसला. मोबाइलवर बोट सरकवत म्हणाला, "बीपी, शुगर, कुठली गोळी?"

"काही नाही," मैत्रेयी म्हणाली.

फॉर्मला लागणारं आईचं आधार कार्ड वडिलांच्या पत्र्याच्या डब्यात होतं. मैत्रेयीनं झाकण उघडलं. आत बीपीच्या गोळ्यांची कोरी पट्टी होती, आणि शेजारी कागदाच्या पुडीत कापलेली अर्धी गोळी.

"आई, ही कोण घेतं?"

गयाबाईंनी गाळणं खाली ठेवलं. "मीच. डोकं गरगरायचं माझं. तुझे बाबा म्हणाले, डॉक्टर कशाला, आहे त्यातलीच घे. रोज सकाळी अडकित्त्यानं कापायचे. अर्धी त्यांना, अर्धी मला. मेडिकलवाला अजून त्यांच्याच चिठ्ठीवर देतो."

मुकेशनं मोबाइल पालथा ठेवला. "काकी, मी काही ऐकलं नाही. कुठं कागद नाही, काही नाही. 'नाही' टाकतो, विषय संपला."

"बाबांच्या वेळी असंच म्हणाला होतास?"

मुकेशचं बिस्कीट चहात पडलं. ते चमच्यानं काढत तो म्हणाला, "सगळेच तसं करतात, ताई."

"आधी डॉक्टरला दाखवते. मग 'हो' टाक."

"हप्ता वाढेल. कंपनी नाहीसुद्धा म्हणेल."

"म्हणू दे. मग दुसरी बघू."

"म्हणजे तीन वर्षं मी आजारी पडायचं नाही?" गयाबाईंनी विचारलं.

"फक्त बीपीनं पडायचं नाही."

"बरं. सांगते बीपीला तसं."

शिवमंदिराजवळच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, आणि रोज एक गोळी लिहून दिली. मुकेशनं 'हो' टाकलं. हप्ता वाढला, पण पॉलिसी मिळाली.

पॉलिसीचे कागद आले त्या सकाळीही गयाबाई गोळी आणि अडकित्ता घेऊन बसल्या होत्या. मैत्रेयीनं त्यांच्या हातातून अडकित्ता काढून घेतला.

"आख्खी घ्यायची, आई."

गयाबाईंनी गोळी तळहातावर धरून ठेवली. "मग त्यांना अर्धी पुरत होती का गं?"

वडिलांना मेंदूचा झटका आला तेव्हा हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं होतं, गोळी नियमित घेत होते ना? मैत्रेयीनं खात्रीनं हो म्हटलं होतं.

"पुरत होती," ती म्हणाली, आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.